नाव टाकलेलं ताट

नाव असलेला कपडा विकला जात नाही, हे मला धंद्याच्या पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. तेव्हा मी डोक्यावर टोपली घेऊन कारंज्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत फिरायची. जुने कपडे घ्यायचे, त्यांच्या बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. संध्याकाळी घरी आले की आधी पाय धुवायची आणि मग ब्लेड घेऊन बसायची. कॉलरच्या आतली शिंप्याची पट्टी, धोतराच्या कोपऱ्यावरची परटाची खूण, शाळेच्या स्वेटरवर कुणाच्या तरी आईनं लाल दोऱ्यानं काढलेलं नाव, सगळं उसवून टाकायचं. कपडा कितीही चांगला असू द्या, त्यावर दुसऱ्याचं नाव दिसलं की गिऱ्हाईक तो खाली ठेवतं.

या उन्हाळ्यात मी तळेगावात मायच्या घरी बसून याच्या उलट काम केलं. तिच्या कपड्यांवर तिचं नाव शिवलं. परकरांवर, झंपरांवर, टॉवेलवर, चादरीवर, स्वेटरवर. माय वर्ध्याच्या एका वृद्धाश्रमात राहायला जाणार होती. तो शब्द ती उच्चारत नाही. ‘थे वर्ध्याचं’ म्हणते.

तिथल्या मॅडमनी फोनवर बजावून सांगितलं होतं. सगळ्यांचे कपडे एकाच मशीनमध्ये धुतले जातात, नाव नसलेला कपडा हरवला तर आम्ही जबाबदार नाही. नऊवारी आणू नका, नेसवायला बाई मिळत नाही. पितळेची, काशाची भांडी नको. स्टीलचं ताट, वाटी, पेला आणि खाऊसाठी झाकणाचा एक डबा आणा, आणि त्यावरही नाव कोरलेलं पाहिजे, कारण भांडीही एकत्रच घासली जातात.

कपड्यांचं ऐकून घेतलं. स्टीलचं ताट म्हटल्यावर माझं डोकं तापलं.

कारंज्यात हायवेला लागून माझं भांड्यांचं दुकान आहे. नवऱ्याचा ट्रक उलटला आणि त्याचा पाय अधू झाला, तेव्हा मी टोपली उचलली होती. माहेरचं कोणी विचारायला आलं नाही, सासरच्यांनी तोंड फिरवलं. कुणब्याच्या घरची सून लोकांचे उतरलेले कपडे गोळा करत फिरते म्हणून गावात हसले. त्या टोपलीचं दुकान झालं. आज तालुक्यात लग्न निघालं की आहेराच्या भांड्यांसाठी माणसं माझ्याकडे येतात, माझ्याशी भाव करतात, हरतात आणि पुढच्या लग्नाला पुन्हा येतात.

पण माझ्या दुकानातला एक चमचाही कधी मायच्या घरात राहिला नाही. दिवाळीत फराळाचा डबा पाठवला, तर फराळ ठेवून डबा घासून परत. कढई नेली, ती तिनं माझ्यासमोर शेजारणीला देऊन टाकली. पाणी प्यायचा साधा गडू नेला, तो मी बसस्टँडवर पोचायच्या आत मागून कोणाच्या तरी हाती आला. दरवेळी एकच उत्तर: ‘लेकीचं घेऊ नये.’

तेही मी मान्य केलं असतं. आमच्याकडे जुनी माणसं असं पाळतात. पण तिच्या ओट्यावर एक कुकर आहे आणि तो माझ्या थोरल्या बहिणीनं, ताईनं दिलेला आहे. ताईचे यजमान अमरावतीला सरकारी कचेरीत होते. मी एकदा विचारलं, ‘ताई काय लेक नाई?’ तर म्हणाली, ‘थो जावयानं देल्ला.’ जावयाच्या हातात कुकर होता आणि माझ्या हातात टोपली. तेवढाच फरक, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. माझी तिला लाज वाटते.

मायचं खुब्याचं हाड मोडलं, ते बसलं, पण तिला एकटीनं आंघोळ करता येईना. मी म्हटलं माझ्या घरी चल. ताईनंही म्हटलं. तिनं दोघींना हात जोडले आणि स्वतःच शेजाऱ्याच्या मुलाला फोन लावायला सांगून वर्ध्याची चौकशी केली. सगळं ठरलं तेव्हा आम्हाला कळवलं. तिचा स्वभावच तसा. सौदा ठरला की मग सांगायचं.

आता मात्र तिला पळवाट नव्हती. ताट लागणार होतं, ते स्टीलचंच लागणार होतं आणि तिची एक लेक स्टीलची दुकानदार होती. जायच्या आदल्या दिवशी मी दुकानातलं सगळ्यांत जड ताट काढलं. वाटी, पेला, डबा काढला. कोरायचं मशीन चालू केलं.

नवरा गल्ल्यावर बसला होता. म्हणाला, ‘आधी इचारून तं घे तिले.’

‘इचाराचं काय त्याच्यात? नाव कोरल्यावर कशी वापस करते पाहतो.’

‘आपला नेम काय हाय?’

आमच्या दुकानाचा नेम त्यानंच मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावला आहे. सौदा पक्का झाल्याशिवाय नाव टाकलं जाणार नाही. नाव टाकलेलं भांडं परत घेतलं जाणार नाही. दुसऱ्याच्या नावाचं ताट कोण विकत घेणार? लग्न मोडलं, पाहुण्यांत भांडण झालं, तरी कोरलेलं भांडं आम्ही परत घेत नाही. हा नेम मीच केला होता. मीच तो त्या दिवशी मोडला. चारही भांड्यांवर मायचं नाव टाकलं, बोटानं वरचा कीस पुसला आणि पिशवीत भरलं.

दुसऱ्या दिवशी तळेगावात पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. कूलर फक्त आवाज करत होता. माय पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, बाजूला वॉकर. तिची ट्रंक मी मधोमध ओढली आणि एकेक कपडा काढून त्याला पट्टी शिवायला लागले. नाडीची सुती पट्टी कापून तिच्यावर न जाणाऱ्या शाईनं नावं लिहून आणली होती. शिवणकाम माझ्या हातचं नाही. चार टाके घालायचे, सुई बोटात घुसायची, उठायचं, माठातलं पाणी प्यायचं, दारातून रस्त्याकडे बघायचं, परत बसायचं. गाडी दुपारनंतर यायची होती. मला ती लवकर यावी असंही वाटत होतं आणि येऊच नये असंही.

माय सगळं बघत होती.

‘टाके पाह्य कसे हायेत. बैलाची झूल शिवून राह्यली काय?’

‘नाव वाचता आलं म्हणजे झालं.’

‘मी काय जत्रेत चालली, हरवाले? नाव लिहून राह्यली आंगभर.’

‘तू नाई हरवत, माय. परकर हरवते.’

‘माहा परकर कोण नेईन वं? नेणारीले नाडी तं पुरली पायजे.’

मला हसू आलं, पण मी हसले नाही. पिशवीतून दोन गाऊन काढले आणि त्यांना पट्टी लावायला घेतली.

‘थे कोणाचं हाय?’

‘तुहं. गाऊन हाय. तिथं लुगडं चालत नाई. नेसवाले बाई नाई तिथं.’

‘आंघोळ घालाले बाई हाय, लुगडं नेसवाले नाई? मंग कोणत्या कामाची थे बाई?’

‘मले काय इचारतं? तूच ठरवलं नं? मी तं म्हणत होती माह्या घरी चाल.’

‘लेकीच्या दारात मराले येत नाई मी.’

‘मराले कोण बलावते तुले? जेवाले बलावून राह्यली!’

माझा आवाज चढला तसा तिनं पदर सावरला आणि तोंड भिंतीकडे केलं. ही तिची जुनी रीत. समोरच्यानं ओरडायचं आणि तिनं भिंत बघायची. शेवटी रात्री गाऊन, दिवसा साध्या गोल साड्या, असं ठरलं. तिची नऊवारी लुगडी मी काढून खाटेवर ठेवली. तिनं त्यांच्याकडे एकदा बघितलं.

मग मी ताट काढलं. वाटी, पेला, डबा. पलंगावर तिच्यासमोर मांडले. दुकानात नव्या नवरीच्या आईसमोर मांडते तसेच, नाव तिच्याकडे करून.

तिनं हात लावला नाही. नाव मात्र वाचलं. चौथीपर्यंत शिकलेली आहे ती.

‘ठेव तिकळे,’ म्हणाली.

‘तिथं लागते, माय.’

‘लागते थे माईत हाय मले. वर्ध्याले बसस्टँडपाशी भांड्याचं दुकान हाय. गाडी थांबवजो तिथं. मी घेतो एक.’

मी धंद्यात पुष्कळ अपमान गिळले आहेत. बायांनी दारातून हाकललं आहे, माझा हात लागला म्हणून भांडं धुऊन घेतलं आहे. पण हा गिळला गेला नाही.

‘साऱ्या तालुक्याच्या बाया माह्याकळून भांडे नेते. अन् माही माय बसस्टँडवर ताट घेईन?’

‘घेईन तं? पैसे माहे हायेत.’

‘काऊन पण? आज सांगच. अन् लेकीचं घेत नाई म्हणू नको. थो कुकर बसला हाय ओट्यावर, माह्याकळे पाहून राह्यला.’

तिनं ओट्याकडे पाहिलं. कूलरचा पंखा एकदा अडखळला आणि परत सुरू झाला.

‘तुह्या भांड्याले वास येते,’ ती म्हणाली.

‘कायचा वास?’

‘लोकाइच्या आंगावरचा. मेलेल्याइच्या आंगावरचा.’ आता ती माझ्याकडे बघून बोलत होती. ‘खालच्या आळीतली थे सांगे मले. सासरा मेला, त्याचे सदरे-धोतरं तुह्या लेकीले देल्ले, अन् पातेलं घेतलं म्हणे. घरोघरचे मेलेल्याइचे कपडे येत होते तुह्याकळे. त्याच्यातून आलेल्या ताटात माह्यानं जेवल्या जात नाई.’

‘टोपली सोडून किती वर्षं झाले, माय! आता माल नागपूरहून येते. रोख पैसे मोजून आणतो.’

‘अन् दुकान कायच्यातून उभं राह्यलं?’

‘अन् जावयाच्या कुकरले वास नाई येत? थो तं टेबलाखालून आला!’

‘त्याचं नाव काढू नको.’

मी ताट उचललं, पिशवीत आपटलं आणि बाहेर निघून गेले.

अंगणात कडुनिंबाच्या सावलीत दोन फेऱ्या मारल्या. हायवेवरून ट्रकांचा आवाज येत होता. अंगणातला नळ टपकत होता, तो घट्ट करायला गेले तर आणखीच टपकायला लागला. त्याला लाथ घातली. ताट मोडीत घालायचं ठरवलं. गाडी आली की मायला बसवून द्यायचं आणि आपण एस.टी.नं कारंज्याला निघून जायचं, हेही ठरवलं. परत एक फेरी मारली.

माझी चिडचिड वेगळीच होती. इतकी वर्षं मी एका भांडणाची तयारी करत होते. माझी लाज वाटते ना तुला, असं तिला एकदा तोंडावर विचारायचं, त्याची उत्तरं-प्रत्युत्तरं मी दुकानात बसल्या बसल्या पाठ केली होती. आणि समोर निघालं दुसरंच. आणि ती खोटं बोलत नव्हती. माझ्या टोपलीत अर्धेअधिक कपडे गेलेल्या माणसांचेच असायचे. घडी न मोडलेले, डांबरगोळीचा वास असलेले. त्या बाया कपडा द्यायच्या, पण एका हातानं त्याचं टोक धरून ठेवायच्या. दुसऱ्या हातात भांडं आलं की मग सोडायच्या. त्या घरांत मी घासाघीस करायची नाही, असं लिहिलं तर बरं दिसेल. करायचीच. त्याही आपला शोक बाजूला ठेवून माझ्याशी भाव करायच्या. त्यांनाही तेवढा वेळ बरं वाटत असावं.

आतून वॉकर सरकल्याचा आवाज आला, मग काहीतरी पडल्याचा. मी धावले.

माय जमिनीवर बसली होती. पडली नव्हती, बसली होती. खाली कशी उतरली देव जाणे. वॉकर आडवा झाला होता. तिच्यासमोर एक जुनी चादर पसरलेली आणि तिच्यात खाटेवरची सगळी लुगडी. चादरीची चारी टोकं उचलून ती गाठ मारत होती.

‘हाड पुन्हा मोडाचं हाय काय?’ मी ओरडले.

‘बस.’

‘गाडी येईन आता.’

‘येऊ दे. बस म्हणलं नं.’ तिनं गठ्ठा माझ्याकडे ढकलला. ‘कपडे हायेत. काय देतं?’

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मी उभीच.

‘कोणाचे कपडे?’

‘माहे,’ माय म्हणाली. ‘जित्या माणसाचे.’

मी बसले. मांडी घातली आणि माझ्या हातांनी आपोआप गाठ सोडली. किती वर्षांनी सोडत होते, पण बोटांना सांगावं लागलं नाही. पहिलं लुगडं उचललं, झटकलं आणि दाराच्या उजेडात धरलं.

‘हे मधातून विरलं.’

‘उन्हात फिकं दिसते थे.’

‘बोट आरपार जाते.’

‘बोट घालशीन तं जाईनच.’

‘याच्यावर वाटी येईन. लहान.’

‘वाटी? पुरं नऊवार हाय! दोन गोदड्या निघते त्याच्यात. तू काय मले येडी समजतं?’

दुसऱ्या लुगड्याला तिनं फाटकी बाजू आतल्या घडीत दाबून ठेवली होती. सगळ्या बाया असंच करतात. मी घडी उलटी केली आणि फाटलेलं तिच्यासमोर धरलं. ती जराही ओशाळली नाही. म्हणाली, ‘थे काठापाशी हाय. काठ काढूनच वापरते लोकं.’ मी म्हटलं, लोक काय करते थे मले नको सांगू. ती म्हणाली, मंग कोणाले सांगू, दुसरी भांडेवाली आली नाई आज.

‘तुले पायजे काय थे बोल,’ मी म्हटलं.

‘पुरा संच. ताट, वाटी, पेला, डबा. साऱ्या गठ्ठ्यावर.’

‘माय, हे तेवढ्याचे नाईत. ताट पाह्य केवढं जड हाय.’

‘मंग ने वापस. इक कारंज्यात.’ ती मागे टेकली आणि वॉकरच्या पायावर हात ठेवला. ‘नाव कोणाचं हाय त्याच्यावर?’

मी पिशवी माझ्याकडे ओढली.

‘सौदा व्हायच्या आधी नाव टाकलं तू. दुकानात असाच धंदा करतं काय?’

‘करत नाई.’

‘मंग? माह्या नावाचं ताट कोण घेईन तुह्याकळून? मोडीतच जाईन. मोडीच्या भावात हे कपडे लय झाले. उलटं तूच मले काही देणं लागतं.’

दुकान टाकल्यापासून मला असं कोपऱ्यात कोणी गाठलं नव्हतं. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्यांनीही नाही. लोक म्हणतात मी भाव करायला टोपलीमुळे शिकले. टोपलीमुळे नाही. आमच्या लहानपणी ही बाजारात वांगी घ्यायला बसली की भाजीवाली रडकुंडीला यायची, आणि मी मायचा पदर धरून उभी असायची.

मी शेवटचा डाव टाकला. ट्रंकेच्या तळाशी तिचं करवतकाठी लुगडं होतं, टसरचं. लग्नाकार्यातच ती ते नेसायची. गठ्ठ्यात ते नव्हतं.

‘करवतकाठी टाक याच्यात. मंग पुरा संच देतो.’

‘थे नाई. थे माह्यासंगं येते.’

‘तिथं नऊवारी चालत नाई, सांगितलं नं.’

‘नेसाले नाई.’ ती ट्रंकेकडे बघत होती. ‘जायच्या दिवशी आंगावर टाकाले. तेव्हा बाई लागत नाई नेसवाले.’

मी हातातलं लुगडं खाली ठेवलं. भाव करताना समोरचा असं काही बोलला की मी नेहमी दुसरीकडे बघते आणि आकडा पुढे रेटते. या वेळी आकडा सुचेना.

‘त्याच्यावर नाव शिव,’ माय म्हणाली. ‘झूल शिवल्यासारखं नाई. पक्कं. बाकी काही हरवू दे.’

‘शिवतो.’

‘अन् हे?’ तिनं गठ्ठ्याला हात लावला.

‘झालं. पुरा संच. पण चादर बी माही.’ गठ्ठ्याची चादर सौद्यात धरायची ही भांडेवाल्यांची रीतच आहे. माझ्या तोंडून ते सवयीनं गेलं.

‘चादर माही हाय! तुह्या ओढणीत बांध.’

मी ओढणीत बांधलं. बांधताना एक लुगडं गठ्ठ्यातून काढून तिनं पायाखाली सरकवलं, ते मी पाहिलं आणि ओढून परत टाकलं. मग पिशवीतून ताट काढून तिच्या हातात दिलं. आता तिनं ते घेतलं. बोटाच्या पेरानं वाजवलं, कानाशी नेलं. कड अंगठ्यानं सगळीकडून चाचपली. उलटं करून बूड पाहिलं.

‘बरं हाय,’ म्हणाली. ‘नाव जरा वाकडं पडलं.’

ताट तिनं स्वतःच्या हातानं स्वतःच्या पिशवीत ठेवलं. मग पेला, मग वाटी. डब्याचं झाकण उघडून लावून पाहायला लागली, तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला आणि घाईत तो तसाच आत गेला.

ड्रायव्हर सामान भरत होता तोवर मी करवतकाठी मांडीवर घेऊन बसले. पट्टीच्या चारी बाजूंनी बारीक टाके घातले, दोनदा. सुई एकदाही बोटात गेली नाही. टसरवर टोकदार सुईची भोकं दिसतात, म्हणून पट्टी आतल्या बाजूला, जिथे पदर संपतो तिथे लावली. माय वॉकर धरून दारात उभी राहून बघत होती. टाक्यांबद्दल काही बोलली नाही.

आर्वीवरून वर्ध्याला जाताना ती रस्ताभर जागी होती. बसस्टँड आलं. भांड्यांचं दुकान डाव्या हाताला दिसलं, दारात ताटं टांगलेली. मी मुद्दाम ड्रायव्हरला हळू घ्यायला लावलं. माय म्हणाली, ‘पातळ माल हाय. वाऱ्यानं हालून राह्यला.’

तिथं पोचलो, कागद झाले, पलंग दाखवला. संध्याकाळी जेवणाच्या खोलीत तिला नेऊन बसवलं. आपापलं ताट घेऊन बाया रांगेनं बसल्या होत्या. शेजारच्या बाईनं मायचं ताट उचलून पाहिलं.

‘मोठं जड आहे हो. कुठून घेतलं?’

मी मागे उभी होते. मला ते ऐकायचं होतं. लेकीच्या दुकानातलं आहे, एवढंच. लेकीनं दिलं असं नकोच.

‘कारंज्याहून,’ माय म्हणाली. ‘कपड्यावर घेतलं.’

वाढणारी आली. मायनं ताट पुढे केलं, वरण-भात घेतला आणि जेवायला लागली. मी तिला जेवताना बघितलं. पहिला घास, दुसरा घास. मग तिनं मान वर करून मला म्हटलं, ‘उभी काऊन हायेस? अंधार पडन, जाय. येजो मंग.’

परतीच्या वाटेवर गठ्ठा माझ्या मांडीवर होता. खरं तर मी जिंकले होते. माझ्या दुकानातल्या ताटात माय जेवली. पण मला द्यायचं होतं आणि तिनं माझ्याकडून विकत घेतलं. लेक म्हणून नाही, भांडेवाली म्हणून मला समोर बसवलं. किंवा भांडेवालीलाच पहिल्यांदा घरात घेतलं, बसवलं आणि तिच्याशी व्यवहार केला. दोन्हींतलं कोणतं, हे मी कारंजा येईपर्यंत उलटसुलट करत राहिले. ड्रायव्हरनं गाणी लावली, ती बंद करायला लावली. मग शांततेचाही राग आला.

नवऱ्यानं विचारलं, ‘काय आणलं?’

‘माल.’

त्यानं गाठ उचकटून काठ पाहिला. ओळखला. ‘इकाले काढतं?’

‘भाव आला तं.’

गोदड्या शिवणारी बाई दर आठवड्याला दुकानावरून जाते. तिनं गठ्ठा पाहिला, हात लावला, चांगला भाव सांगितला. मी कमी आहे म्हटलं. पुढच्या आठवड्यात तिनं वाढवला. मी अजून कमी आहे म्हटलं. ती म्हणाली, बाई, तुम्ही इकाले बसल्या की राखाले? मी तिला उन्हात जास्त बडबडू नको म्हणून सांगितलं.

आज सकाळी दुकानात लग्नाचं गिऱ्हाईक बसलेलं असताना मॅडमच्या फोनवरून मायचा फोन आला. कशी आहेस, नाही. पोरं कशी, नाही.

‘डब्याचं झाकण ढिलं हाय. लाडू ठेवतो तं मुंग्या जाते आत.’

‘तेव्हाच काऊन नाई सांगितलं?’

‘पाहू कुठं देल्लं तू? गाडी बोंबलून राह्यली होती. बदलून दे.’

‘नाव टाकलेलं भांडं बदलून देत नाई. पाटी हाय दुकानात.’

‘नाव मी टाकलं काय?’

‘माय, साऱ्या तालुक्यात कोणाले इचार...’

‘मी काऊन इचारू? गिऱ्हाईक हावो मी. खराब माल देल्ला, बदलून दे. अन् घट्ट पाहून आणजो.’

मी इतक्या जोरानं ओरडले की लग्नाच्या गिऱ्हाइकानं हातातली परात खाली ठेवली. फोन बंद झाला होता. नवरा गल्ल्यामागे तोंड लपवून हसत होता.

फळीवरचे सगळे डबे मी खाली काढले. झाकणं लावून उलटे केले, पाणी भरून हलवले. घट्ट बसणारे बाजूला काढले, पण तिच्या बोटांना उघडता येईल इतके सैलही हवेत, म्हणून परत तपासले. तीन निवडले. एकावरही नाव टाकलेलं नाही. हातानं ठोकायची जुनी छिन्नी आणि लहान हातोडी पिशवीत घातली आहे. तिला तिन्ही दाखवीन, ती खोड काढेल, वाजवेल, झाकण लावेल. पसंत पडेल त्याच्यावर तिच्यासमोर बसून नाव टाकीन.

आणि जुना डबा परत घेऊन येईन. बदलून देताना जुनं परत घेतल्याशिवाय मी कोणालाही नवं देत नाही. तिच्या नावाचा तो डबा दुकानात कोणाला विकता यायचा नाही, हे मला माहीत आहे.